नाउरूचा पोझिशन पेपर: स्वतःला न पटणारी बाजू लिहायची वेळ आली तेव्हा

स्पर्धा मॉडेल युनायटेड नेशन्सची, म्हणजे मुलांनी एकेका देशाचे प्रतिनिधी (डेलिगेट) होऊन आंतरराष्ट्रीय सभा चालवायची. कमिटी होती इंटरनॅशनल सीबेड ऑथॉरिटीची, म्हणजे देशांच्या हद्दीपलीकडच्या समुद्रतळावरच्या खाणकामाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची, असेंब्ली (सगळ्या सदस्य देशांची सभा), अजेंडा होता खोल समुद्रातल्या खाणकामावर स्थगिती आणायची की नाही, आणि आमच्या कॉलेजच्या दोन मुलांना अलॉट झालेला देश नाउरू. डबल डेलिगेशन होतं. एक एस.वाय.ची एन्व्हायर्नमेंटल सायन्सची मुलगी आणि दुसरा लॉचा मुलगा. मी त्यांची मेंटॉर, म्हणजे याच कॉलेजची जुनी डेलिगेट, आता नोकरी सांभाळून दर सीझनला एकदोन टीम्सचे पोझिशन पेपर, म्हणजे सभेआधी आपल्या देशाची भूमिका मांडणारी टिपणं, बघते. गोष्ट २०२४ च्या पावसाळ्यातली, जमैकातल्या किंग्स्टनला खरी असेंब्ली याच विषयावर भांडून नुकतीच उठली होती त्यामुळे विषय एकदम गरम होता.

अलॉटमेंट आल्या आल्या मुलीचा मेसेज, "ताई, देश बदलून मिळेल का? पलाऊ चालेल, फ्रान्स मिळाला तर फारच भारी." कारण उघड होतं. पलाऊ आणि फ्रान्स स्थगितीच्या बाजूचे. आणि नाउरू म्हणजे ज्या देशामुळे हा सगळा वाद एवढा पेटला तो देश. मुलगी समुद्री जीवशास्त्राची स्वप्नं बघणारी, तिला खाणवाल्या देशाची वकिली करायची म्हणजे अंगावर काटा. मी तिला सांगितलं की देश बदलायचा नाही, आणि ही केस मी सविस्तर लिहितेय ती याचसाठी, कारण दर सीझनला कुणाला ना कुणाला असा देश मिळतो आणि मग पेपर एकतर पोकळ होतो नाहीतर चक्क देशाच्या विरोधात जातो.

देश काय आहे ते आधी

नाउरू म्हणजे प्रशांत महासागरातलं एकच बेट, २१ चौरस किलोमीटर, लोकसंख्या बाराएक हजार. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावात याहून जास्त लोक राहतात. पण या बेटावर उत्तम दर्जाचं फॉस्फेट होतं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच, जर्मन राजवटीत, ते खणायला सुरुवात झाली. पहिल्या महायुद्धानंतर बेट ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि न्यूझीलंड या तिघांच्या ताब्यात आलं आणि फॉस्फेट ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतांवर खत म्हणून जाऊ लागलं, तेही बाजारभावापेक्षा स्वस्तात. ३१ जानेवारी १९६८ ला नाउरू स्वतंत्र झाला, १९७० मधे खाणी स्वतःच्या हातात घेतल्या, काही वर्षं दरडोई उत्पन्नात जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशांत त्याची गणती व्हायची. मग साठे संपत आले, फॉस्फेटच्या पैशाचा ट्रस्ट चुकीच्या गुंतवणुकींत बुडाला, मेलबर्नमधली नाउरू हाऊस नावाची टोलेजंग इमारत विकावी लागली. मागे उरलं ते मधलं पठार, तिथे त्याला टॉपसाइड म्हणतात, चुनखडीचे उघडे सुळके आणि मधे खड्डे, बेटाचा जवळजवळ ८० टक्के भाग असा, जिथे शेती नाही आणि घरही बांधता येत नाही. लोक किनाऱ्याच्या अरुंद पट्ट्यात राहतात.

आता हा देश सीबेड ऑथॉरिटीत का महत्त्वाचा, तर जून २०२१ मधे नाउरूचे तेव्हाचे अध्यक्ष लायनेल आइंगिमिया यांनी ऑथॉरिटीला एक पत्र पाठवलं. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कन्व्हेन्शनला जोडलेल्या १९९४ च्या अंमलबजावणी कराराच्या परिशिष्टात, पहिल्या भागाच्या १५ व्या परिच्छेदात एक तरतूद आहे, लोक तिला दोन वर्षांचा नियम म्हणतात. ज्या देशाच्या कंपनीला समुद्रतळावर प्रत्यक्ष उत्खनन करायचंय तो देश ऑथॉरिटीच्या कौन्सिलला (कार्यकारी मंडळाला) सांगू शकतो की नियम दोन वर्षांत पूर्ण करा, आणि नाही केलेत तरी आलेल्या अर्जावर विचार करून तात्पुरती मंजुरी द्यायची वेळ येईल. नाउरूने हे बटण दाबलं. मुदत ९ जुलै २०२३ ला संपली, नियम तयार झाले नाहीत, आणि तेव्हापासून नियम आधी की अर्ज आधी या पेचात सगळं अडकलेलं.

पहिला ड्राफ्ट

पहिला ड्राफ्ट मुलीने लिहिला. पेपर अर्थातच इंग्रजीत होता, मी इथे आशय मराठीत देते. सुरुवात अशी: "नाउरू पर्यावरण आणि विकास यांच्यातल्या समतोलावर ठाम विश्वास ठेवतो. समुद्र हा मानवजातीचा समान वारसा असून त्याचं रक्षण ही आपल्या सर्वांची जबाबदारी आहे."

अशा ड्राफ्टला मी एकच गोष्ट करून बघते, देशाचं नाव अंगठ्याने झाकते आणि विचारते हा पेपर कुणाचा? पहिलं वाक्य नॉर्वेचं असू शकतं, घानाचं असू शकतं, सिंगापूरचं असू शकतं. ऑथॉरिटीचे सदस्य १६० च्या वर आहेत आणि त्यातला प्रत्येक जण हे वाक्य म्हणू शकतो, म्हणजे ते वाक्य कुणाचंच नाही.

दुसरं वाक्य लॉवाल्या मुलाने पकडलं आणि ते फार बरं झालं. तो म्हणाला, अगं कन्व्हेन्शनच्या १३६ व्या कलमात समान वारसा समुद्राला नाही म्हटलेलं. राष्ट्रीय हद्दींच्या पलीकडचा समुद्रतळ आणि त्यातली खनिजं, एवढ्यालाच तो दर्जा आहे. वरचं पाणी, मासे, जहाजं यांचा कायदा वेगळा. हा फरक इतका मोठा आहे की पेपरचा अख्खा रोख त्यावर बदलतो, कारण समान वारसा म्हटलं की फक्त जपायचं असं नाही, त्याचा फायदा सगळ्या मानवजातीत आणि खास करून विकसनशील देशांत वाटायचा असंही १४० व्या कलमात आहे. म्हणजे जे वाक्य तिने खाणकामाच्या विरोधात म्हणून टाकलं होतं तेच नाउरूचं सगळ्यात भक्कम हत्यार निघालं.

आणि तिसऱ्या परिच्छेदात तिने सरळ दहा वर्षांच्या स्थगितीला पाठिंबा सुचवला होता. मी विचारलं, नाउरूच्या कुठल्या भाषणात हे वाचलंस? ती म्हणाली कुठल्याच नाही, पण त्यांनी असं म्हणायला हवं.

ही जागा फार महत्त्वाची आहे. पोझिशन पेपरमधे देशाने काय म्हणायला हवं हे लिहायचं नसतं, देश काय म्हणतो आणि का म्हणतो ते लिहायचं असतं, आणि त्याच्या आत राहून तो अजून किती वाकू शकतो हे शोधायचं असतं. तिचं खाणकामाबद्दलचं मत मला पटत होतं, आजही पटतं. डिस्कॉल नावाचा एक प्रयोग १९८९ मधे पेरूजवळच्या समुद्रात झाला होता, तळ नांगरल्यासारखा उकरला, आणि २६ वर्षांनी जाऊन पाहिलं तर चर तसेच दिसत होते. ज्यांच्यासाठी हे खाणकाम आहे ते समुद्रतळावरचे खनिजांचे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. हे सगळं खरं आहे. पण हे पलाऊच्या पेपरमधे जाईल. नाउरूच्या पेपरमधे यायचं ते याला नाउरू काय उत्तर देतो एवढंच.

वाचन कुठून कसं केलं

आयोजक देतात त्या बॅकग्राउंड गाइडमधून पेपर लिहू नका असं मी सगळ्यांनाच सांगते, कारण तीच गाइड समोरच्या चाळीस जणांनी वाचलेली असते. देशाची स्वतःची कागदपत्रं काढायची. नाउरूच्या बाबतीत ती सापडायला सोपी आहेत कारण देश छोटा, बोलतो मोजकं, आणि ऑथॉरिटीच्या साइटवर पत्रं, निवेदनं, कौन्सिलचे कागद सगळं आहे. शिवाय दर सप्टेंबरला आमसभेत होणारं अध्यक्षांचं भाषण, त्यात कुठल्या विषयाला किती जागा दिली ते बघितलं तरी देशाचा कल कळतो.

त्यात मुलाने २०११ चं सल्लामत काढलं आणि पेपरचा कणा तिथे मिळाला. झालं असं होतं की नाउरूने एका खाण कंपनीला प्रायोजकत्व द्यायचं, म्हणजे तिच्या अर्जामागे देश म्हणून उभं राहायचं ठरवलं तेव्हा प्रश्न आला की उद्या कंपनीने समुद्राचं नुकसान केलं तर भरपाई कुणी द्यायची, एवढासा देश तर त्यात बुडूनच जाईल. २०१० मधे नाउरूनेच हा मुद्दा ऑथॉरिटीत नेला, आणि त्यातून कौन्सिलने हॅम्बुर्गच्या सागरी कायदा न्यायाधिकरणाच्या सीबेड चेंबरकडे सल्ला मागितला. १ फेब्रुवारी २०११ ला उत्तर आलं. प्रायोजक देशाने स्वतःचे कायदे, देखरेख, यंत्रणा अशी नीट काळजी घेतलेली असेल तर कंपनीच्या चुकीची जबाबदारी आपोआप देशावर येत नाही. पण ही काळजी श्रीमंत देशाने जेवढी घ्यायची तेवढीच गरीब देशानेही घ्यायची, त्यात सूट नाही, नाहीतर कंपन्या सैल कायद्याचे देश शोधत फिरतील. आणि सावधगिरीचं तत्त्व, पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यमापन, हे सगळं बंधनकारक.

आता बघा, ज्या देशाला खोलीतले सगळे बेजबाबदार म्हणणार त्याच देशाने विचारलेल्या प्रश्नातून या क्षेत्रातला सगळ्यात महत्त्वाचा पर्यावरणीय निकष आला. आणि त्यानंतर नाउरूने २०१५ मधे समुद्रतळातल्या खनिजांसाठी स्वतःचा कायदाही केला. हे कुठल्याही गाइडमधे ठळक नव्हतं. हे वाचून मुलीचा सूर बदलला, तिला पहिल्यांदा वाटलं की या देशाकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे.

दुसरी गोष्ट समजून घ्यायला वेळ लागला ती म्हणजे राखीव क्षेत्र. नाउरूची प्रायोजित कंपनी, नाउरू ओशन रिसोर्सेस, हिच्याकडे हवाई आणि मेक्सिकोच्या मधल्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात सुमारे ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र आहे, करार जुलै २०११ चा. प्रशांत महासागरातला बारका देश तिथवर पोचला कसा? तर पद्धत अशी की प्रगत देशाचा अर्जदार येतो तेव्हा त्याने सारख्या किमतीचे दोन तुकडे दाखवायचे आणि त्यातला एक ऑथॉरिटीने विकसनशील देशांसाठी बाजूला ठेवायचा. भावाभावांच्या वाटणीत एकाने वाटे करायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा तसंच, म्हणजे वाटे करणारा लबाडी करत नाही. नाउरूचा तुकडा या बाजूला ठेवलेल्यातला. म्हणजे विकसनशील देशांसाठी जे दार मुद्दाम बांधलं होतं त्यातूनच नाउरू आत आलाय, आणि मुदत नसलेली स्थगिती म्हणजे ते दार बंद करणं. हा युक्तिवाद पेपरचा दुसरा परिच्छेद झाला.

त्यात एक अडचण होती आणि ती लपवण्यासारखी नव्हती. नाउरूच्या या कंपनीची मूळ मालक द मेटल्स कंपनी, मुख्यालय कॅनडात व्हँकुव्हरला, शेअर अमेरिकेत नॅसडॅकवर. समोरचा विचारणारच की बाबा हे दार नाउरूसाठी उघडलं की व्हँकुव्हरसाठी?

फॉस्फेटचं काय करायचं

यावर दोघांची खरी भांडणं झाली, ऑनलाइन कॉलवर रात्री उशिरापर्यंत.

मुलगा म्हणत होता फॉस्फेटचा विषयच काढायचा नाही. समोरच्याने काढला तर बघू. पेपरमधे स्वतःच आपल्या उद्ध्वस्त बेटाचा उल्लेख करणं म्हणजे पलाऊच्या हातात काठी देणं. मुलगी म्हणत होती ज्या देशाचा ८० टक्के भाग खाणीने खाल्लाय त्याच्या खाणकामावरच्या पेपरमधे ते नसेल तर एक्झिक्युटिव्ह बोर्डाला, म्हणजे कमिटी चालवणाऱ्या परीक्षकांना, पहिली शंका हीच येणार की यांनी देश वाचलाच नाही.

माझं मत मुलीच्या बाजूने होतं पण तिच्या पहिल्या मांडणीच्या बाजूने नव्हतं. तिने लिहिलं होतं की वसाहतवाद्यांनी आमचं बेट लुटलं म्हणून आता आम्हाला समुद्राचा हक्क आहे. हे भावनेला ठीक आहे पण तर्काला लंगडं, कारण त्यातून लगेच प्रश्न येतो की म्हणजे आता तुम्ही समुद्राचं तेच करणार का. आणि ते पूर्ण खरंही नाही, १९७० नंतर खाणी नाउरूच्याच हातात होत्या.

मग नाउरूनेच या इतिहासाचं काय केलं ते बघितलं. १९८९ मधे नाउरूने ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, मागणी अशी की स्वातंत्र्याआधी खणलेल्या जमिनीचं पुनर्वसन तुम्ही करा. १९९२ मधे न्यायालयाने ऑस्ट्रेलियाचे मुख्य आक्षेप फेटाळले आणि खटला पुढे चालणार असं दिसल्यावर १९९३ मधे तडजोड झाली, ऑस्ट्रेलियाने १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचं मान्य केलं. एवढ्याशा देशाने कायद्याच्या जोरावर हे मिळवलं. म्हणजे नाउरूला अनुभवाने माहितीये की खाणकाम आधी आणि नियम नंतर असं झालं तर भरपाई मिळायला पिढ्या जातात.

यातून जो परिच्छेद उतरला तो मी जवळजवळ पूर्ण देते, कारण पेपरमधला सगळ्यात चांगला भाग हाच होता: "नियमांशिवाय केलेल्या खाणकामाची किंमत काय असते हे या सभागृहात नाउरूइतकं कुणालाच ठाऊक नाही. आमच्या बेटावर खाणकाम सुरू झालं तेव्हा ना पर्यावरणाचा निकष होता, ना भरपाई निधी, ना निर्णयात आमचा आवाज, आणि स्वातंत्र्यानंतर आम्ही स्वतः ते चालू ठेवलं तेव्हाही पुनर्वसन मागेच पडलं. म्हणूनच नाउरू नियमांची मागणी करतो आणि त्यांना ठरलेली मुदत मागतो. अंत नसलेली चर्चा हे संरक्षण नव्हे."

"आम्ही स्वतः ते चालू ठेवलं" हा तुकडा ठेवायला मुलगा शेवटपर्यंत नाखूष होता. एखादा खरा राजनैतिक अधिकारी हे लिहिल का, हा त्याचा प्रश्न योग्यच होता. पण स्पर्धेतला पेपर वाचणारी माणसं बोर्डावर बसलेली असतात आणि त्यांना बघायचं असतं की या मुलांना स्वतःच्या देशाची दुखरी जागा माहितीये का. शिवाय तो तुकडा काढला की आधीचं वाक्य थेट हल्ल्याला उघडं पडतं. मी आग्रह धरला, ठेवला.

कोण आपलं, कोण परकं

या भागावर मुलं सहसा घाई करतात. छोटी बेटं म्हटली की सगळी एका बाजूला असं धरून चालतात, आणि हवामानाच्या कमिटीत ते चालतंही. इथे अजिबात नाही. पलाऊ आणि फिजीने जून २०२२ मधे लिस्बनच्या महासागर परिषदेत स्थगितीसाठी आघाडी सुरू केली, सामोआ लगेच त्यात आला, मायक्रोनेशियाही त्याच बाजूने. आणि इकडे टोंगा आणि किरिबाटी यांनीही नाउरूसारखंच प्रायोजकत्व घेतलेलं, कुक आयलंड्सला स्वतःच्या आर्थिक क्षेत्रातल्या गोळ्यांत रस. एकाच महासागरातले शेजारी उभे दुभंगलेले. त्यामुळे पेपरमधे "पॅसिफिकच्या वतीने" असले शब्द एकदाही वापरायचे नाहीत असं ठरवलं, वापरले की फिजी उठून म्हणणार आमच्या वतीने बोलू नका.

मोठ्या देशांत चीन, सगळ्यात जास्त अन्वेषण करार (उत्खननाचे नाही, आधीच्या शोधाचे) त्याचे. जपान, दक्षिण कोरिया. नॉर्वेने जानेवारी २०२४ मधे स्वतःच्या खंडीय मंचावर खाणकामाची दारं उघडायचा निर्णय संसदेत घेतलेला. विरोधी बाजूला फ्रान्स, जर्मनी, चिली, कोस्टा रिका, वानुआतू, अजून बरेच, ३० च्या वर देश झाले होते. त्यात गंमत म्हणजे फ्रान्स आणि जर्मनी दोघांकडेही अन्वेषणाचे करार आहेत आणि ते त्यांनी सोडलेले नाहीत. हा मुद्दा पेपरमधे नाही घातला, तो पॉइंट ऑफ इन्फर्मेशनसाठी, म्हणजे समोरच्याच्या भाषणानंतर विचारायच्या प्रश्नासाठी, राखून ठेवला. सगळा दारूगोळा पेपरमधे ओतू नये, बोर्डाबरोबर कधीकधी समोरच्या डेलिगेट्सच्या हातातही पेपर पडतात. आणि अमेरिका? ती कन्व्हेन्शनची सदस्यच नाही, असेंब्लीत निरीक्षक, मत नाही. हे न बघता मुलगा तिला मित्रांच्या यादीत वरती टाकून बसला होता.

भारताचं मात्र मी दोघांना नीट वाचायला लावलं, कारण आपल्या मुलांना वाटतं भारत आपल्याला माहीतच आहे. गोव्याच्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गवेषणी या जहाजावरून जानेवारी १९८१ मधे समुद्रतळावरचे हे गोळे वर काढले आणि १९८७ मधे भारताला मध्य हिंद महासागरात अग्रणी गुंतवणूकदार म्हणून क्षेत्र मिळालं. २०२४ ला ते क्षेत्र ७५,००० चौरस किलोमीटर, शिवाय सल्फाइडसाठी वेगळा करार, आणि जानेवारी २०२४ मधे अजून दोन अर्ज. म्हणजे भारत स्थगितीच्या बाजूने जाण्याची शक्यता कमी. पण भारताचं काम सरकारी, संशोधनाच्या गतीने चाललेलं, नाउरूची घाई ही भारताची घाई नाही. तेव्हा भारताला रेझोल्यूशनवर (ठरावावर) सिग्नेटरी म्हणून, म्हणजे चर्चेला यावा एवढ्यापुरती सही द्यायला विचारायचं, दोन वर्षांच्या नियमाच्या कलमावर स्पॉन्सर, म्हणजे ठरावाचा पाठीराखा, व्हायला सांगायचं नाही, एवढं पक्कं केलं.

शेवटचा परिच्छेद, जिथे मागायचं असतं

इथे मी मुलांना दोन रकाने करायला लावले, देश काय सोडू शकतो आणि काय मेला तरी सोडणार नाही. दुसऱ्या रकान्यात एकच गोष्ट आली: शेवटची तारीख नसलेली स्थगिती मान्य नाही. पहिल्या रकान्यात भरपूर आलं. नियम मंजूर होईपर्यंत उत्खननाच्या अर्जावर निर्णय पुढे ढकलायला नाउरू तयार, पण नियमांचं वेळापत्रक लेखी हवं. स्वतंत्र तपासणी पथक चालेल. पर्यावरण भरपाई निधी, जो नियमांच्या मसुद्यात आधीपासून आहे, त्यात कंपनीने उत्खननाआधीच पैसे भरावेत. आधारभूत माहिती, म्हणजे खणायच्या आधी तिथे काय जगतंय याची नोंद, सगळ्यांना खुली.

हे सगळं लिहिताना मुलीचा जीव ओतला गेला आणि ते दिसत होतं. तिला समुद्राबद्दल जे वाटतं ते तिने नाउरूच्या तोंडून, नाउरूला परवडेल अशा शब्दांत मागून घेतलं. खोल समुद्रातल्या जीवांची नोंद कशी ठेवायची, गाळाचा लोट किती लांब जातो ते कसं मोजायचं, हे तिने इतकं नेमकं लिहिलं की स्थगितीवाल्या ब्लॉकमधल्या कुणाच्याही पेपरमधे तेवढं नव्हतं.

कमकुवत राहिला तो पैशाचा भाग. रॉयल्टी किती, ती मानवजातीत वाटायची कशी, व्हँकुव्हरचा हिस्सा किती आणि नाउरूचा किती, यावर एकच ओळ होती, "न्याय्य वाटपाची यंत्रणा लवकर ठरावी". खऱ्या वाटाघाटींतही हे ठरलेलं नाही हे मान्य, पण निदान देशाची मागणी तरी यायला हवी होती. जागा नव्हती, दीड पानाची मर्यादा, आणि मुदतीच्या रात्री फॉन्ट लहान करून जागा काढणं बोर्डाच्या सूचनांत बसत नव्हतं.

कमिटीत काय झालं

अपेक्षेप्रमाणे पलाऊच्या डेलिगेटने पहिल्याच सेशनला विचारलं, एक बेट खणून संपवलंत, आता महासागर? मुलीने पेपरमधला तो परिच्छेद जवळपास तसाच म्हटला आणि शेवटी विचारलं, नियमांना मुदत द्यायला पलाऊचा विरोध आहे का? तिथून पुढचा मॉड (एका उपविषयावरची नियंत्रित चर्चा) मुदतीवर गेला, आणि तो नाउरूला हवाच होता. फ्रान्सला अन्वेषणाच्या करारावरून विचारलं तेव्हा त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

पैशावर मात्र ब्राझीलने धरलं आणि सोडलं नाही. कंपनीच्या भागधारकांच्या आधी जगाला काय मिळणार, आकडा सांगा. मुलाने १४० वं कलम सांगितलं, त्याने ब्राझीलचं समाधान होण्यासारखं नव्हतं. नाउरूच्या बाजूचं रेझोल्यूशन मताला गेलं आणि पडलं, मुद्द्याच्या प्रश्नावर असेंब्लीत दोन तृतीयांश मतं लागतात आणि तेवढी होण्यासारखी नव्हती. पण भरपाई निधी आणि खुली आधारभूत माहिती ही दोन कलमं समोरच्या ब्लॉकने स्वतःच्या रेझोल्यूशनमधे घेतली, शब्दासकट. बक्षिसांच्या बाबतीत सांगण्यासारखं फार नाही. चेअरने फीडबॅकमधे दोनच गोष्टी सांगितल्या, फॉस्फेटचा परिच्छेद उत्तम, आणि पैशाचा परिच्छेद नव्हता.

आज हाच देश मिळाला तर

हा पेपर तसाच उचलून वापरू नका, कारण २०२५ मधे पायाच हलला. एप्रिलमधे अमेरिकेच्या अध्यक्षांनी खोल समुद्रातल्या खनिजांवर कार्यकारी आदेश काढला आणि काही दिवसांतच द मेटल्स कंपनीने ऑथॉरिटीला वळसा घालून अमेरिकेच्या १९८० च्या कायद्याखाली परवान्याचा अर्ज केला. आमच्या पेपरचा सगळा युक्तिवाद "नाउरूला ऑथॉरिटीचे नियम हवेत" यावर उभा होता, आणि नाउरूची भागीदारच नियमांच्या बाहेरच्या दाराने निघाली. तरीही २०२५ च्या मध्यावर नाउरूने कंपनीशी प्रायोजकत्वाचा सुधारित करार केला. जुलैमधे कौन्सिलने करारदार आपली बंधनं पाळतायत का हे तपासायला कायदेशीर आणि तांत्रिक आयोगाला सांगितलं.

तेव्हा नवीन पेपरमधे पहिला परिच्छेद याचाच हवा: भागीदार कंपनी अमेरिकेच्या रांगेत उभी असताना २०११ च्या सल्लामताने सांगितलेली काळजी नाउरू कशी घेतोय. हे टाळलं तर ब्राझील सोडा, कुणीही नवखा डेलिगेट तिथेच पकडेल. फॉस्फेटचा परिच्छेद राहील, राखीव क्षेत्राचा राहील पण सावधपणे. मित्र देशांची यादी नव्याने करावी लागेल, नॉर्वेनेही २०२४ च्या शेवटी आपली परवान्यांची फेरी थांबवली. पैशाचा परिच्छेद या वेळी आधी लिहा आणि मग बाकीच्याला जागा शोधा. आणि २०११ चा अन्वेषण करार १५ वर्षांचा होता, म्हणजे त्याची मुदत जुलै २०२६ ची, तेव्हा त्याचं पुढे काय झालं हे पेपर पाठवायच्या आदल्या दिवशी ऑथॉरिटीच्या साइटवर जाऊन पुन्हा एकदा बघा.